घरच्या माणसाचा एक तरी धड फोटो ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी पोळा आला की आपल्या पेपरात एक चौकट येते, तुमच्या बैलजोडीचा फोटो, तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदी घेऊन उभ्या असलेल्या लेकरांचा फोटो या नंबरवर व्हॉट्सॲप करा म्हणून, आणि आमच्या गावातले निम्मे फोटो माझ्याच घरून जातात. ती चौकट मला मनापासून आवडते, लेकराचा फोटो छापून आला की ते कात्रण वर्षभर देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवलेलं असतं. पण त्या चौकटीत फोटो कसा पाठवायचा अन् मूळ कसा जपायचा याच्या दोन ओळी वाढवाव्या असं मला गेली दोन-तीन वर्षं वाटतंय, आणि काहून वाटतंय ते सांगायचं तर जरा लांबून सुरुवात करावी लागेल, पत्र मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची कपाशी-तुरीची शेती आहे आणि समोरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर, एक शाईच्या टाकीवाला प्रिंटर अन् एक स्कॅनर. काम सुरू केलं तेव्हा शाळेच्या लेकरांचे पासपोर्ट फोटो, फॉर्मचे फोटो, फार तर वाढदिवसाचं बॅनर, एवढंच येईल असं वाटलं होतं. ते येतंच. पण माझ्या दारात माणूस सगळ्यात जास्त वेळा ज्या कामासाठी उभा राहतो ते म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो. तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे असतो आणि तो घरात नसतो. म्हणजे मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, गुड मॉर्निंगचे, शेतातल्या सापाचे, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे, नातवाचे तर एकट्याचे पाचशे, पण ज्या माणसाने घर उभं केलं त्याचा एक धड फोटो निघत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा आला, असेल बावीस-तेवीसचा, डोक्याचे केस उतरवलेले. म्हणे, "ताई, बाबाचा फोटो मोठा करून पाह्यजे, परवा तेरवी हाये." मी म्हटलं दाखव. त्याने फोनमधून एक फोटो काढला, कुणाच्या तरी लग्नातला, वीसेक माणसं उभी, मागच्या ओळीत डावीकडून तिसरे त्याचे बाबा. तो फोटोसुद्धा मूळ नव्हता, कुणीतरी स्टेटसला ठेवला होता त्याचा स्क्रीनशॉट, तो स्क्रीनशॉट याला दुसऱ्याने पाठवलेला. मी कॉम्प्युटरवर घेऊन मोठा केला तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. मोजून पाहिलं, चेहऱ्याची रुंदी साठ पिक्सेल आणि उंची सत्तर. म्हणजे सगळे मिळून 4,200 ठिपके. मी कुठंतरी वाचलं होतं ते त्यावेळेस एकदम आठवलं, की जगातला पहिला डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने बनवला, तो काळा-पांढरा फोटो काढायचा आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद लागायचे, आणि त्या फोटोत 100 गुणिले 100 म्हणजे 10,000 पिक्सेल होते. आज खेड्यातल्या पोराच्या हातातसुद्धा एक कोटी पिक्सेलचा कॅमेरा आहे अन् त्याच्या बापाच्या चेहऱ्याच्या वाट्याला त्या पहिल्या कॅमेऱ्याच्या निम्मेही ठिपके आले नाहीत.

त्याला 8 बाय 10 इंचाची फ्रेम पाहिजे होती. चांगल्या प्रिंटला एका इंचात 300 ठिपके धरतात, म्हणजे 2400 गुणिले 3000. चेहरा फ्रेममध्ये चार इंचाचा घ्यायचा म्हटलं तरी रुंदीला 1200 पिक्सेल पाहिजेत, आणि आपल्याजवळ साठ. वीस पट ताणायचं, ताणून येणार काय. मी त्याला सांगितलं बाबा रे, याच्यातून नाही निघत. तो काही बोलला नाही, तसाच उभा राहिला. मग मीच विचारत बसले, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, राशन कार्ड, पीक कर्जाला लावलेला पासपोर्ट फोटो, काही आहे का. आधारवरचा फोटो एवढासा असतो आणि छापून छापून फिका झालेला. शेवटी त्या लग्नातला मूळ फोटो ज्याने काढला तो त्याचा मामाच निघाला, वाशिमला राहतो, त्याला फोन लावला, म्हटलं फोटो डिलीट केला का हो? नव्हता केला. त्याला समजावून सांगितलं की फोटो म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आला. मूळ फोटो 4000 गुणिले 3000 चा, चेहरा जवळपास पावणेदोनशे पिक्सेल रुंदीचा. तरी 8 बाय 10 ला पुरत नव्हताच, मी 5 बाय 7 चा काढून दिला, चेहऱ्याभोवती मोकळी जागा ठेवून, आणि मोठा करू नको म्हणून सांगितलं. डोळे ओळखू येत होते. मिशी ओळखू येत होती. त्याची माय दुसऱ्या दिवशी सोबत आली होती पैसे द्यायला, तिने फोटो हातात घेऊन एवढंच म्हटलं, "हाव, हेच व्हय."

हे एका घरचं झालं. माझ्याकडे वर्षातून असे वीस-पंचवीस जण येतात, आणि प्रत्येकाचा मामा वाशिमला बसून फोटो जपत नसतो.

आता हे होतं कसं ते लोकांना कुणी सांगतच नाही म्हणून सांगते. व्हॉट्सॲपवर आपण फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होऊन जातो, म्हणजे लांबीकडून साधारण 1600 पिक्सेल राहतो. 4000 गुणिले 3000 म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल, आणि 1600 गुणिले 1200 म्हणजे एकोणीस लाखांच्या आसपास, सहा भागांतला एकच भाग पोचला. याच्यात त्या ॲपचा दोष काढायचा नाही, आमच्या गावात नेटवर्कचा एक दांडा असतो, पूर्ण फोटो जायला बसला तर संध्याकाळ होईल, फोनच्या स्क्रीनवर पाहायला तेवढा पुरतोही. 2023 पासून पाठवताना वर एचडीचं बटण येतं, ते दाबलं तर बरा जातो. पण मूळ जसाच्या तसा पाठवायचा तर पिनच्या खुणेवर जाऊन डॉक्युमेंट निवडायचं आणि तिथून फोटो घ्यायचा, तो एक पिक्सेल इकडचा तिकडे न होता पोचतो, आणि 2 जीबीपर्यंतची फाइल जाते, म्हणजे व्हिडिओसुद्धा जातो. डॉक्युमेंटने पाठवण्याचा आणखी एक फायदा आहे जो कुणाच्याच लक्षात येत नाही, फोटोच्या फाइलमध्ये तो कोणत्या तारखेला, किती वाजता काढला ते लिहिलेलं असतं, साध्या पद्धतीने पाठवला की ते पुसलं जातं. मग आयएमजी, त्यापुढे तारीख आणि डब्ल्यूए असं जे नाव दिसतं त्यातली तारीख फोटो काढल्याची नसून ती फाइल त्या फोनमध्ये कधी आली त्याची असते. माझ्याकडे दोन भाऊ भांडत आले होते, आईचा हा फोटो आजारपणाच्या आधीचा की नंतरचा, आणि ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरं म्हणजे जेपीजी. ही फोटो ठेवायची पद्धत 1992 पासूनची आहे, ती फोटो लहान करताना बारीकसारीक तपशील टाकून देते, आणि आपण उघडून काही बदल करून परत सेव्ह केला की परत थोडं टाकते. म्हणून मूळ फोटोवर कधीच काम करू नये, त्याची कॉपी करावी आणि कॉपीवर जे काय करायचं ते करावं. मी स्वतः फोनवर स्नॅपसीड वापरते, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि कॉम्प्युटरवर गिम्प, तेही फुकट. गावातल्या पोरापोरींना मी नेहमी सांगते की महागडं काही घ्यायची गरज नाही, उजेड थोडा वाढवता आला, वाकडा फोटो सरळ करता आला आणि कापता आला की घरच्यासाठी पुष्कळ झालं.

खरी जी गोष्ट मला खुपते ती पुढे आहे. गेल्या काही वर्षांत फोटो साफ करून देणारे एआयचे ॲप आलेत, जुना अस्पष्ट फोटो टाकला की दहा सेकंदांत चकचकीत होऊन येतो आणि लोकांना वाटतं वा, काय जादू झाली. आमच्या गावातल्या एका बुढ्या मायचा फोटो तिच्या नातवाने असाच करून आणला, म्हणे याचा मोठा प्रिंट काढून द्या. मी पाहतच राहिले. त्या मायच्या कपाळावर गोंदण होतं, हनुवटीवर तीन टिपके होते, आमच्याकडच्या जुन्या बायांच्या असायचे तसे, ते सगळं गायब. ॲपला ते डाग वाटले असणार. पुढचे दोन दात पडलेले होते तिथे सरळ पांढरे दात बसवलेले. कातडी गोरी आणि गुळगुळीत. मी त्या मायला लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ओळखते, आणि फोटोतली बाई मी कधी पाहिली नव्हती. ॲपजवळ मूळ चेहऱ्याचे ठिपके नसतात, मग दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून शिकलेलं अंदाजाने भरतं, त्यात आपलं माणूस उरत नाही. मी नातवाला म्हटलं हा फोटो मी काढून देणार नाही, मूळ फोटो आण, थोडा अस्पष्ट राहील पण तुझी आजी राहील. तो रागावला, दुसरीकडून काढून घेतला, भिंतीवर लावला. पुढे दिवाळीला त्याच्या बहिणीची लहान पोरगी आली ती म्हणे, "हे कोन होय?" हे मला त्याच्या मायने सांगितलं, आणि तिच्या डोळ्यात पाणी होतं.

तसंच ते गोरं करून द्यायचं. उन्हातान्हात राबलेला माणूस, त्याचा रंग तो त्याचा रंग, फोटोत बदलून कुणाचं भलं होते? आधी मी करून द्यायची, गिऱ्हाईक म्हणते म्हणून. आता नाही करत. उजेड कमी असेल तर उजेड वाढवते, रंग नाही बदलत.

आमच्याकडून यवतमाळवरून वर्ध्याच्या गाडीत बसलं की सेवाग्राम फार लांब नाही. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले आणि त्यांच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी तिथे त्यांचे फोटो काढायचा. त्याला कॅमेऱ्यासाठी 100 रुपये घनश्यामदास बिर्लांनी दिले होते. बापूंनी परवानगी देताना तीन अटी घातल्या, फ्लॅश वापरायचा नाही, मला पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम याचा खर्च देणार नाही. आज त्या कुटीतला, चरख्यावरचा, पायी चालतानाचा जो माणूस आपल्याला दिसतो तो मोठा भाग या एका पोराच्या रोलमुळे दिसतो. मी पहिल्या दोन अटी माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना सांगते, कारण घरच्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढायची याच्यापेक्षा चांगली रीत मला सापडली नाही. बुढ्याला "हसा, इकडं पाहा, ताठ बसा" म्हटलं की तो दगडासारखा होतो. त्याला ओसरीवर बसू द्या, सकाळचा उजेड बाजूने येऊ द्या, तुरी निवडू द्या, बिडी ओढत असेल तर ओढू द्या, बोलत राहा आणि मधातच काढा. फ्लॅश नाही, फिल्टर नाही, सेल्फीचा कॅमेरा नाही, मागचा वापरा, आधी पदराने काच पुसून घ्या, कारण निम्मे फोटो काचेला लागलेल्या तेलाच्या बोटाने खराब होतात. आणि जवळ जा, झूम करू नका. चेहरा आणि खांदे एवढंच आलं पाहिजे. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळं घर जमतं, मुंबई-पुण्याचे येतात, त्या दिवशी अर्धा तास काढून घरातल्या एकेका म्हाताऱ्याचा वेगळा फोटो काढला तर पुढे दहा घरं माझ्या दारात रडवेली होऊन येणार नाहीत.

व्हिडिओचं तर आणखी वाईट आहे. आमच्या शेजारी एक आत्या होत्या, भुलाबाईची गाणी जेवढी त्यांना येत होती तेवढी या पंचक्रोशीत कुणाला येत नव्हती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी त्यांच्या अंगणात जमायच्या, गाणी व्हायची, मग डबा हलवून खाऊ ओळखायचा. दोन वर्षांपूर्वी कोजागिरीला कॉलेजच्या एका पोरीने त्यांचा चांगला सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ काढला. फोनवरच एडिट केला, तुकडे करून तीस सेकंदांचा केला, वर एक चालू गाणं टाकलं आणि आत्याचा आवाज बंद केला, म्हणजे म्यूट. सगळ्यांनी लाइक केलं, आत्यालाही दाखवला, आत्या खूश. पोरीचा फोन भरला म्हणून तिने मूळ व्हिडिओ काढून टाकला. त्या हिवाळ्यात आत्या गेल्या. त्यांचा मुलगा माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आला, म्हणे, "वयनी, याच्यातून मायचा आवाज काढता येते का?" नाही येत. एडिट करून सेव्ह करताना जो आवाज बंद केला तो नव्या फाइलमध्ये जातच नाही, आत लपलेला नसतो की उकरून काढावा. फोनचा रिसायकल बिन बहुतेक फोनात 30 दिवस ठेवतो आणि ते केव्हाच निघून गेले होते. आता तीस सेकंदांचा व्हिडिओ आहे, आत्याचं तोंड हलतंय, हात टाळी देतोय, अन् वर कुठल्या तरी सिनेमातलं गाणं वाजतंय. त्या पोरीने वाईट मनाने नव्हतं केलं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती अजूनही माझ्याकडे येते आणि त्या विषयावर आली की बोलणं थांबवते.

म्हणून गाणं टाका, नाच टाका, काय टाकायचं ते टाका, पण मूळ व्हिडिओ आधी दुसरीकडे ठेवा, मग एडिटला बसा. दंडार, खडी गंमत ही आमच्याकडची लोकनाट्यं असोत, गावच्या सप्त्यातलं भजन असो, आवाजच तर त्याचा जीव आहे. काढताना फोन आडवा धरा, आणि माणसाच्या जवळ धरा कारण फोनचा माइक दोन हातांवरचं नीट ऐकतो, दहा हातांवरून त्याला फक्त कूलर ऐकू येतो. एक मिनिटाचा फुल एचडी व्हिडिओ साधारण सव्वाशे एमबीचा असतो, दहा मिनिटं म्हणजे सव्वा जीबी, एवढी जागा एका माणसासाठी करायला काही हरकत नाही.

आता प्रिंट. लोकांना वाटतं मोबाइलमध्ये आहे ना, मग प्रिंट कशाला. मी म्हणते मोबाइल पाण्यात पडते, चोरी जाते, लेकरू पासवर्ड चुकवते. ऑनलाइन ठेवलेलं असलं तरी गुगल फोटोवर 1 जून 2021 पासून फुकटची जागा ईमेल-बिमेल धरून 15 जीबीच आहे, आणि आमच्याकडे अकाउंट पोराच्या नावाने, नंबर जुना, रिचार्ज नाही केला म्हणून नंबर बंद, मग ओटीपी येत नाही आणि कुलूप लागतं ते लागतंच. एका घरचे चार वर्षांचे फोटो असे अडकलेले मी पाहिलेत. पेनड्राइव्हवर ठेवा, पण एकट्या पेनड्राइव्हवर नको, दोन ठिकाणी ठेवा, एक दुसऱ्या गावी बहिणीकडे.

आणि भिंतीवर एक, अल्बममध्ये एक कागदी फोटो असू द्या. माझा प्रिंटर घरगुती आहे, त्याची शाई पाण्याची असते, डाय म्हणतात तिला, रंग सुंदर येतो पण उन्हात दोन-तीन वर्षांत उतरतो, आधी लाल जातो मग सगळं निळंहिरवं दिसायला लागतं. माझ्याच हातचे काही फोटो असे झालेले मी लोकांच्या घरी पाहिले आणि मला फार वाईट वाटलं, तेव्हापासून मोठा, भिंतीवरचा फोटो असला की मी सांगते यवतमाळला लॅबमध्ये करा, तिथे उजेडाने आणि केमिकलने कागदावर उमटवतात, तो पुष्कळ वर्षं टिकतो. माझ्याकडचा अल्बमसाठी ठीक. फोटोच्या कागदावरच काढा, आणि दोन बाजूंपैकी चकाकी असलेल्या बाजूवर, झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर मशीनमध्ये तो कागद देऊ नका, तिथे तापून त्याचा थर वितळतो आणि मशीन बिघडते. आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की प्रिंटरच्या नळ्या वाळतात, आठवड्यातून एक रंगीत कागद काढलाच पाहिजे, नाहीतर पावसाळ्याच्या तोंडाला अॅडमिशनच्या गर्दीत मशीन रेघा मारते.

जुन्या फ्रेमबद्दल एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, फोटो काचेला चिकटतो. लोक तो ओढून काढतात आणि चेहराच काचेवर राहतो. ओढू नका. काचेसकट आणा, काचेवरूनच स्कॅन होतो. छोटा पासपोर्ट फोटो असेल तर मोबाइलने फोटोचा फोटो काढण्यापेक्षा 600 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 600 ठिपके धरून, स्कॅन करून घ्या, साडेतीन सेंटिमीटरच्या फोटोतून आठशेवर पिक्सेल निघतात, बऱ्यापैकी मोठा करता येतो. पेपरातलं कात्रण मात्र आणू नका, पेपरातला फोटो शाईच्या वेगवेगळ्या ठिपक्यांचा असतो, तो मोठा केला की ठिपकेच मोठे होतात. हे मी इथे लिहिते कारण दर महिन्याला कुणी ना कुणी श्रद्धांजलीच्या जाहिरातीचं कात्रण घेऊन येतंच, तोच त्यांच्याजवळचा शेवटचा फोटो असतो.

तर माझं म्हणणं. आपल्या पेपरला छापायला लहान फोटो चालतो हे मला माहीत आहे, एका कॉलमच्या पाच सेंटिमीटरला चारशे पिक्सेल पुरतात, तुमचं काही अडत नाही. पण गावात लोक फोटो पाठवायचं शिकतात ते तुमच्या चौकटीवरून आणि पोरांवरून. त्या चौकटीत, पोळ्याच्या असो की वाढदिवसाच्या असो की श्रद्धांजलीच्या, एवढं छापाल का, की फोटो डॉक्युमेंट करून पाठवा, फिल्टर आणि एआय लावलेला पाठवू नका, आणि मूळ फोटो पाठवल्यावर डिलीट करू नका. श्रद्धांजलीची जाहिरात घेणाऱ्या तुमच्या गावोगावच्या वार्ताहर भाऊंनाही हे सांगून ठेवा, कारण त्या घडीला घरचा माणूस भानावर नसतो, विचारणारा कुणी पाहिजे की मूळ फोटो कुणाच्या फोनात आहे. कुणाला काही अडलं तर मी समजावून सांगायला तयार आहे, पैसे नकोत, दारव्हा, दिग्रस, नेर या बाजूचं कुणीही येऊन बसावं, दुपारी लाइन असेल तेव्हा यावं.

सोबत माझ्या सासूबाईंचा एक फोटो त्याच नंबरवर पाठवला आहे, डॉक्युमेंट करून. छापायचा म्हणून नाही. मागच्या महालक्ष्म्यांना सकाळी ओसरीवर काढला, त्या पुरणासाठी डाळ निवडत होत्या. कॉम्प्युटरवर उघडून मोठा करून पाहा, कपाळावरचं गोंदण दिसतं, आणि सुपातली डाळही मोजता येते.

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ